न फोडलेले नारळ

लोक बोलघेवड्या पुढाऱ्याला मतं का देतात, असं कुणी शिकलेला माणूस विचारायचा तेव्हा पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. ‘अडाणी आहेत, दुसरं काय!’ एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभूनही दिसायचं. आता मी तसं म्हणत नाही. आता मी विचारणाऱ्याला बसवतो, चहा देतो आणि बाजीरावची गोष्ट सांगतो. ज्याला घाई असेल त्यानं चहा पिऊन सरळ निघावं, मला राग नाही.

आमचं गाव खडकमाळ. डिंगोऱ्याहून डोंगराच्या अंगानं वर चढलं की लागतं. धरणाचा कालवा आमच्या पायथ्यानं जातो. पाणी खाली, आम्ही वर, आणि पाणी काही चढ चढून येत नाही. खालच्या गावांत उन्हाळ्यातही ऊस हिरवागार उभा, आणि आमच्याकडे तेव्हा मार्च लागला की बायका हंडे घेऊन कालव्यावर. अशा गावात पाणी दाखवणाऱ्या माणसाला काय मान असेल ते सांगायला नको.

तो माणूस म्हणजे बाजीराव. वय साठीला टेकलेलं, अंगानं वाळलेला, पण चाल अजून तरण्या पोराची. विशीत असताना दक्षिणेकडून आलेल्या एका बोअरच्या गाडीवर तो पाइप चढवायच्या कामाला राहिला. त्या गाडीच्या ड्रायव्हरकडून नारळाची विद्या उचलली. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी पायानं रान चालायचं, आणि जिथं नारळ उभा राहील तिथं टाच रोवायची. “हितं,” एवढंच म्हणायचं. त्या एका शब्दावर बाजीराव तीस-पस्तीस वर्षं जगला.

त्याचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. त्यांच्याखाली बसून हा माणूस नारळ पुसायचा, आणि जानकाबाई, त्याची बायको, चुलीपाशी बसून त्याची हजेरी घ्यायची. “त्यांनी घसा कोरडा करून सांगितलं, डोकं वापरा. आन तुमी नारळ वापरता!” बाजीराव कानकोंडा व्हायचा, पण नारळ सोडायचा नाही.

का सोडायचा नाही, ते मला फार उशिरा कळलं. माझ्या लहानपणी मी बाजीरावच्या बापाला पाहिलंय. गावातल्या कुठल्याही ओसरीवर त्याला चढता येत नसे; तो अंगणात उभा राहायचा आणि निरोप सांगून जायचा. त्याच ओसऱ्यांवर बाजीरावला खुर्ची मिळाली. नुसती खुर्ची नाही, आधी फडक्यानं पुसून दिलेली खुर्ची. “या नाना, बसा नाना,” म्हणत घरधनी स्वतः चहाचा कप पुढं करायचा. ज्याच्या हातात नारळ, त्याला खुर्ची. बाजीरावला हे पक्कं माहीत होतं.

नारळाचा त्याचा एक नियम होता. पाणी लागलं की त्याच जागेवर तो नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटायचं. बोअर कोरडा गेला, गाडीनं चारशे फुटांपर्यंत नुसता पांढरा धुरळाच उडवला, तर नारळ फोडायचा नाही. मालकही तो घरात ठेवून घेत नसत, अपशकुनी वाटायचा. मग बाजीराव तो पिशवीत टाकून घरी न्यायचा. पुढं त्याचं काय व्हायचं, हे गावात कुणी कधी विचारलं नाही.

आणि गंमत बघा, कोरड्या बोअरचा दोष कधी बाजीरावच्या माथी आला नाही. घरधनी म्हणायचा, “नानांनी टाच बरोबर रोवली व्हती, गाडीवाल्यानं हातभर सरकून घेतलं.” कुणी म्हणायचा, अमावास्येला काम धरलं. कुणी स्वतःच्या भावाला शिव्या द्यायचा, तो चपला घालून त्या जागेवरून गेला म्हणून. पाणी लागलं तर ते नानांचं, न लागलं तर आपलंच काहीतरी चुकलं. पूर्वी कधीतरी दादाभाऊच्या मळ्यात साठ फुटांवर असं पाणी उसळलं की गाडीवरची माणसं न्हाऊन निघाली. त्या उसळीची गोष्ट गावानं वीस वर्षं चघळली. धुरळ्याची गोष्ट कोण चघळणार?

तर असं हे गाव, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

सरपंचपदाला दोघं उभे राहिले. एक सयाजी. गावातल्या जुन्या जमीनदार घरातला, चाळिशीचा, देखणा गडी. स्वतःच्या दोन बोअरच्या गाड्या, एक पोकलेन. बोलायला उभा राहिला की माणसं हातातलं काम टाकून ऐकायची. त्याची घोषणा तीन शब्दांची: ‘दार तिथं बोअर’. निवडून आल्यावर शंभर दिवसांत प्रत्येक दारात बोअर. “पाणी आपल्या पायाखाली हाय!” तो छातीवर हात मारून सांगायचा. “पर खालचे बागायतदार आन हापिसातले लोक एक झालेत. त्यांना आपन वर आलेलं नको हाय. त्यांनीच तुमाला इतकी वर्सं थांबवलं.” हापिसातले म्हणताना त्याची नजर माझ्यावरून फिरायची. टाळ्या पडायच्या.

दुसरी तेजस्विनी. हीही इथल्याच शेतकरी घरातली, शेतीशास्त्र शिकलेली, नोकरी सोडून गावात आलेली तिशीतली मुलगी. तिचं भाषण मी लिहून दिलं होतं, हे कबूल करतो. ओढ्यावर सहा बंधारे, डोंगराच्या उतारावर चर, दोन वर्षं नवीन बोअर बंद, पाच वर्षांचा आराखडा, चौतीस पानं, नकाशे वेगळे. ती तिसऱ्या पानावर आली की पुढची रांग जांभया द्यायला लागायची, आणि पाचव्या पानावर मागची रांग घरी गेलेली असायची.

माझं डोकं असं तापलं की काय सांगू. खरं बोलणाऱ्या पोरीला जांभया आणि फेकणाऱ्याला टाळ्या! शंभर दिवसांत एवढे बोअर झाले तर डोंगराच्या पोटात उरलंसुरलं आहे तेही संपेल, हे शेंबड्या पोरालाही कळावं. तशात गावात बातमी आली, की शुक्रवारी चार वाजता शाळेच्या मैदानात सयाजीची सभा आहे, आणि तिथं बाजीनाना नारळ घेऊन पहिल्या बोअरची जागा दाखवणार आहेत. झालं. नानांनी टाच रोवली की निवडणूक तिथंच संपली, हे मला कळून चुकलं. मी तसाच उठलो आणि तरातरा बाजीरावच्या घरी गेलो.

तो दारातच सुतळी वळत बसला होता.

“बाजीराव, तुम्ही या फसवणुकीत सामील होणार?” मी उभ्या उभ्याच विचारलं. “लोक अडाणी आहेत, पण तुम्ही तर—”

“बसा भाऊसाहेब,” तो म्हणाला. “लोक अडाणी न्हाईत. लोक कटाळल्यात.”

मी बसलो.

“तुमी तुमच्या नोकरीत असं किती आराखडं केलं?” त्यानं विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, म्हणूनच जास्त टोचलं. मी आठवायला लागलो. एकतीस वर्षांत, वेगवेगळ्या गावांत, निदान वीस तरी. “त्यातलं किती झालं?”

मी दोन बोटं वर केली. दोन झाले होते, तेही अर्धे.

“मंग? मानूस किती थांबंल? तुमी म्हनता थांबा, ती पोरगी म्हनती थांबा. सयाजी म्हनतो, हितं. भाऊसाहेब, मी जल्मभर त्येच केलंय, मला ठावं हाय. मी टाच रोवली का न्हाई, तवा मानसाचं तोंड बघायचं असतं. पाणी अजून लागलेलं नसतं, पर त्येच्या छातीवरचा दगूड उतरलेला असतो. तेवढ्यासाठी मानूस मला बोलवायचा. पाणी दुसरं.”

हे ऐकून मला स्वतःची लाज वाटली. आराखडे कागदावर मरू देणारा मी, आणि लोकांना अडाणी म्हणणारा पण मीच!

“मग तुम्ही शुक्रवारी जाणार?”

तो उठला, मला आत घेऊन गेला आणि माळ्याला शिडी लावली. “चढा,” म्हणाला.

वर अंधुक उजेड होता. डोळे सरावल्यावर दिसलं, की माळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नारळच नारळ. काही काळे पडलेले, काहींना भुंग्यांनी पोखरलेलं, काही परवाचे असावेत इतके चांगले. प्रत्येकाच्या शेंडीला चिंधी बांधलेली, कुठल्या रानातला ते ओळखायला.

“न फुटलेले,” खालून बाजीराव म्हणाला. “सगळे कोरडे.”

“टाकले का नाहीत?”

“पाणी लागल्याबिगर फोडायचा न्हाई, ह्यो माझाच नेम. आन न फोडता टाकायचा कसा? बसले साठत.”

जानकाबाईनं चुलीपुढून सांगितलं, “मी म्हनलं, चटनी तरी करू द्या. तर म्हनं, ह्यांचं पाणी येनं हाय. बगा आता, घरात मानसापरीस नारळ जास्त.”

मी खाली उतरलो तेव्हा बाजीरावचा चेहरा पार उतरला होता. खरी बोच नुसती कोरड्या बोअरांची नव्हती. त्यांच्या आळीत उंबराच्या झाडाखाली एक जुनी विहीर आहे. दुष्काळातही तळाला हंडाभर पाणी धरून असायची. सात वर्षांपूर्वी तिच्या वरच्या अंगाला, सयाजीच्या रानात, बाजीरावनं दोन जागा दाखवल्या. दोन्ही लागल्या, दोन नारळ फुटले, पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात उंबराची विहीर पहिल्यांदा आटली. तेव्हापासून जानकाबाई दरवर्षी कालव्यावर जाते, आणि त्याबद्दल नवऱ्याला एका शब्दानं बोललेली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला.

“मग सभेत हेच सांगा,” मी म्हणालो.

“तुमाला सोपं हाय, भाऊसाहेब.” आता तो खरंच चिडला. “तुमी पेन्शनीत हाय. माझ्या बापाला ह्या गावात खुर्ची नव्हती. मला हाय, ती ह्या नारळावर हाय. नारळ खोटा म्हनलं का खुर्ची गेली. मंग मी कोन?”

 बोलली ती जानकाबाई. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “खुर्ची जाईल तर जाईल. जिमिनीवर बसायला मला कुठं जड जातंय? पर आता आनिक नारळ माळ्यावर ठेवायला जागा न्हाई, एवढं सांगते.” आणि कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या गोण्या उचलून तिनं शिडीपाशी टाकल्या.

शुक्रवारी मैदान भरलं होतं. मतदानाला अकरा दिवस होते. स्टेजवर सयाजी, मधोमध हार घातलेली खुर्ची, पुढं तबकात नवाकोरा नारळ. चारला पाच मिनिटं असताना धम्मपाल, बाजीरावचा मुलगा, टेम्पो घेऊन आला. पुढं बाजीराव आणि जानकाबाई, मागं दोन फुगलेल्या गोण्या. लोकांना वाटलं, नानांनी वाटायला प्रसाद आणलाय. टाळ्या सुरू झाल्या.

“या नाना!” सयाजी हात जोडत पुढं आला. “बसा.”

बाजीराव बसला नाही. धम्मपालनं गोण्या स्टेजवर चढवल्या, बाजीरावनं एकेकीचं तोंड सोडलं आणि उपड्या केल्या. नारळ गडगडत सगळ्या स्टेजभर पसरले, काही पायऱ्यांवरून खाली गेले, एक सयाजीच्या बुटाला येऊन थटला. लोक हसले. मग हळूहळू हसू थांबलं, कारण पुढच्या रांगेतल्यांना शेंडीच्या चिंध्या दिसायला लागल्या होत्या.

“फुटलेले नारळ समद्यांनी खाल्ले,” बाजीराव माइकवर म्हणाला.  “ह्ये न फुटलेले. मोजा कुनीतरी.” त्यानं वाकून पायापाशी पडलेला एक जुनाट, काळा नारळ उचलला. “ह्यो पयला. माझ्या सोताच्या रानातला. मी दाखवलेली जागा, मीच पाइप चढवले, आन कोरडा. तवाच कळायला पायजे व्हतं. न्हाई कळलं. कारन दुसऱ्या महिन्यात एकाला लागला आन त्येनं मला खुर्ची दिली.”

पहिल्या रांगेतून कुशाबाई उठली. सत्तरीची बाई, एकटी शेती करणारी, गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. स्टेजपाशी येऊन तिनं एक नारळ हातात घेतला, चिंधी निरखली. “ह्यो माझ्या लुगड्याचा तुकडा हाय.”

“व्हय अक्का. तुमच्या खालच्या पट्टीतला.”

“दोन म्हशी इकून घेतला व्हता बोअर,” ती म्हणाली. “पंधरा वर्सं मी समजत व्हते, माझ्याच नशिबात पाणी न्हाई.”

“नशीब न्हाई अक्का. माझं चुकलं.”

 मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द माइकवरून मी पहिल्यांदा ऐकले. मी इकडंतिकडं बघत चष्मा पुसला.

सयाजी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हसत पुढं आला. “नाना, जेवढे कोरडे गेले तेवढेच लागले पन ना? त्ये सांगा की लोकांना!”

“लागले,” बाजीराव म्हणाला. “ज्येंचे लागले त्येंनी हात वर करा.” शंभरेक हात वर आले. “आता ह्या घडीला ज्येंच्यात पाणी हाय त्येंनी वर ठेवा.”

एप्रिल चालू होता. हात खाली आले. सात राहिले, आणि त्यातले दोन सयाजीच्या घरचे.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “मंग आमी करायचं काय? त्ये तरी सांगा!”

हा खरा प्रश्न होता. आणि मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा टाच रोवणार. सगळं मैदान त्याच्या टाचेकडंच बघत होतं. त्यानं ‘हितं’ म्हटलं असतं तर लोकांनी तेही मानलं असतं.

“मला ठावं न्हाई,” बाजीराव म्हणाला. “पर बगायचं कसं, त्ये ठावं हाय.” त्यानं खिशातून सुतळीचा गुंडा काढला. वीतवीत अंतरावर गाठी मारलेली सुतळी, टोकाला दगड. त्या दिवशी तो दारात वळत बसला होता ती हीच. “उंबराच्या हिरीत आज चार गाठी गढूळ पाणी हाय, प्यायच्या कामाचं न्हाई. सयाजीराव, तुमच्या वरच्या दोन बोअरच्या मोटारी आठ दिवस बंद ठेवा. आठ दिवस फकस्त. अक्का रोज सकाळी दोर सोडतील, ज्येला यायचं त्येनं बगायला यावं. पाणी चढलं न्हाई, तर मी खोटा, तुमी खरे. मंग मी सोता तुमच्यापुढं नारळ घिऊन चालंन.”

सगळं गाव सयाजीकडं बघायला लागलं. त्याच्या भाषणात लोक इतके दिवस पायाखालच्या पाण्याबद्दल ऐकत होते; ते पाणी मोजू नका, असं तो कुठल्या तोंडानं म्हणणार? “ठेवतो की बंद!” तो म्हणाला. “हाय काय त्यात!”

पहिल्या दिवशी विहिरीवर दहाबारा जण आले. चार गाठी. दुसऱ्या दिवशीही चारच. सयाजीची माणसं शिट्ट्या मारून गेली. बाजीराव उंबराखाली दगडावर बसून राहिला, खुर्ची कुणी आणली नाही. तिसऱ्या दिवशी कुशाबाईनं दोर वर ओढला, ओली गाठ बोटानं दाबली आणि पुन्हा सोडला. दुसऱ्यांदा ओढला. मग तिनं जानकाबाईला हाक मारली, “ये गं, तूच मोज.”

पाच.

पाचव्या दिवशी साडेसहा झाल्या. एव्हाना सकाळी विहिरीवर जत्रा भरायला लागली होती. कामाला जाणारे दोर बघून मगच गाडीला किक मारायचे. कुशाबाईनं विहिरीच्या कठड्यावर चुन्यानं रोजचा आकडा लिहायला घेतला. कुणी चुकवून सांगायची सोय नव्हती. आठव्या दिवशी नऊ गाठी. म्हणजे ज्या पाण्यासाठी आमच्या बायका सात वर्षं कालव्यापर्यंत खालीवर करत होत्या, ते कुणी बागायतदारानं पळवलं नव्हतं, कुणा हापिसानं दाबलं नव्हतं. ते इथंच होतं. आपणच, एकेकट्यानं, आपापल्या नळीतून ओढून घेतलं होतं.

त्या रात्रीच मी चौतीस पानं फाडली असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. फाडली तेजस्विनीनं. दुसऱ्या दिवशी, माझ्यासमोर. “भाऊसाहेब, राग मानू नका,” म्हणाली, आणि विहिरीच्या कठड्यावर चढून तीन मिनिटं बोलली. “पहिल्या वर्षी एकच बंधारा. या उंबराच्या वर, पाऊस यायच्या आत. दोर इथंच टांगलेला राहील, मोजणार अक्का. पुढच्या एप्रिलमध्ये पाणी आजच्यापेक्षा वर नसेल तर मी राजीनामा देईन, आणि पुन्हा आराखडा घेऊन येऊ नको, असं मला तोंडावर सांगा.” कुणी जांभई दिली नाही.

ती निवडून आली. दोनशे अकरा मतांनी. गुलाल इतका उधळला की माझा पांढरा सदरा अजून गुलाबी आहे, आणि मी तो मुद्दाम घालतो.

पुढचं सरळ होतं असं कुणी समजू नये. नवीन बोअर बंद म्हटल्यावर शिव्या खाव्या लागल्या. पहिल्या बंधाऱ्याचा मुरूम एका पावसात वाहून गेला, पुन्हा भरला. पण दोर टांगलेला होता, आणि रोज सकाळी बघणारे डोळे होते, त्यामुळे काम कागदावर मरू शकलं नाही. पुढच्या एप्रिलला दोरानं दहा गाठी दाखवल्या, राजीनाम्याची वेळ आली नाही. तिसऱ्या बंधाऱ्याला सयाजीनं आपला पोकलेन आणला. चार दिवस तोंड फुगवून काम केलं, पाचव्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून भाकरी खाल्ली. गडी वाईट नव्हताच. पाणी त्यालाही हवं होतं, फक्त लवकर हवं होतं, जसं सगळ्यांना.

गेल्या मे महिन्यात, दुसऱ्या वर्षाच्या ऐन उन्हाळ्यात, उंबराच्या विहिरीत चौदा गाठी पाणी होतं. कालव्याची वाट गवतानं झाकली. आणि मग कुशाबाईनंच ठरवलं, की आता ते नारळ फोडायचे.

सगळं गाव पहिल्या बंधाऱ्यावर जमलं. गोण्या आल्या. बाजीरावसाठी कुशाबाईनं आपल्या ओसरीवरची खुर्ची डोक्यावर घेऊन आणली, या वयात, आणि पदरानं पुसून ठेवली. “बसा नाना.” हातात नारळ नसलेल्या बाजीरावला मिळालेली ही पहिली खुर्ची. तो तिच्याकडं बघत राहिला, त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं हाताला धरून जानकाबाईला तिच्यावर बसवलं. सात वर्षं हंडे वाहिलेली ती बाई खुर्चीत अवघडून बसली, आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की समोरच्या कड्यावरून घुमून परत आल्या.

मग ज्याची चिंधी त्यानं आपापला नारळ उचलला आणि बंधाऱ्याच्या दगडावर फोडला. निम्म्यांतून कुबट भुगा निघाला, लोक नाक धरून हसले. काहींतून खडखडीत खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. कुशाबाईनं आपला फोडला तो सडका निघाला, तिनं तो ओढ्यात भिरकावला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “निघालं नशीब!”

शेवटी एकच उरला. काळा, सगळ्यात जुना, बाजीरावच्या स्वतःच्या रानातला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला होता. बंधाऱ्याच्या ओलीनं त्याच्याही बांधाला यंदा पाझर सुटला होता, मी स्वतः पाहिला होता. तरी त्याचा हात उठेना.

“फोडा की,” खुर्चीतून जानकाबाई म्हणाली. “आलं न्हवं पाणी?”

त्यानं फोडला. आत, इतक्या वर्षांनी, अख्खा गोटा निघाला, पिवळा पडलेला पण शाबूत. जानकाबाईनं तो दगडावर ठेचला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“खावा भाऊसाहेब,” ती म्हणाली. “लई वर्सं थांबलंय त्ये.”

खोबरं खवट होतं. मी सगळं खाल्लं.